झाड काय खाते? एका प्रश्नाचा इतिहास

वाळलेल्या लाकडाचा एक किलोचा तुकडा हातात घेतला आहे अशी कल्पना करा आणि स्वतःला विचारा : हे वजन आले कुठून? ज्या बीपासून ते झाड झाले ते तर चिमटीत मावणारे होते. प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेले असते. तरीही वर्गात हा प्रश्न विचारला की पहिले उत्तर बहुधा ‘मातीतून’ असे येते आणि दुसरे ‘पाण्यातून’. ‘हवेतून’ असे म्हणणारा एखादाच असतो आणि तोही बिचकत म्हणतो.

यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ‘मातीतून’ हे उत्तर दोन हजार वर्षे विद्वानांचे होते आणि ‘पाण्यातून’ हे उत्तर एका अतिशय काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगातून निघाले होते. प्रत्यक्षात कोरड्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो आणि तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आलेला असतो. लाकूड पूर्ण जाळल्यावर उरणारी राख, म्हणजे मातीतून आलेली खनिजे, साधारण शेकडा एकच्या आसपास भरते. हे उत्तर मिळवायला इतका वेळ का लागला, हे या पाठात पाहायचे आहे. माझ्या मते त्याचे मुख्य कारण असे की ‘झाड काय खाते?’ या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले होते. झाडाचे शरीर कशाचे बनते, हा एक. आणि ते बनवण्याची शक्ती कुठून येते, हा दुसरा. हे दोन्ही वेगळे आहेत हे लक्षात येईपर्यंत चांगल्या प्रयोगांचीही उत्तरे अर्धवट निघत राहिली.

पायांनी पिणारा

अ‍ॅरिस्टॉटलचे म्हणणे असे होते की प्राण्याला पोट असते, झाडाला नसते, कारण जमीन हेच झाडाचे पोट आहे. अन्न जमिनीत आधीच पचून तयार असते आणि मुळे ते शोषून घेतात. म्हणूनच झाडाला विष्ठा नाही. आज ऐकायला विचित्र वाटले तरी ही मांडणी आतून सुसंगत होती आणि युरोपात ती फार काळ टिकली.

आपल्या भाषांमध्येही असाच एक विचार साठून राहिला आहे. झाडाला संस्कृतात ‘पादप’ म्हणतात, म्हणजे पायांनी पिणारा. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू आणि भरद्वाज यांचा संवाद आहे. झाडांना जीव आहे का, हा त्यातला एक प्रश्न. कमळाच्या देठाने तोंडातून पाणी वर ओढावे तसे झाड वाऱ्याच्या साहाय्याने पायांनी पाणी ओढते आणि ते पाणी अग्नी व वायू पचवतात, असे भृगू सांगतात. या ओळी दाखवून ‘पाहा, आपल्या पूर्वजांना प्रकाशसंश्लेषण ठाऊक होते’ असे म्हणणारे तुम्हाला भेटतील. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे सावध असावे. तिथले अग्नी आणि वायू पंचमहाभूतांपैकी आहेत. माणसाच्या पोटात अन्न पचवणारा जठराग्नी असतो, तसाच हा विचार आहे. त्यातले निरीक्षण सूक्ष्म आहे, पण प्रश्न वेगळा आहे. झाड सजीव आहे हे तिथे सिद्ध करायचे आहे; त्याचे वजन कुठून येते हा मुद्दाच नाही.

वजनाचा प्रश्न विचारण्यासाठी आधी कोणीतरी तराजू आणायला हवा होता.

विलोचे झाड आणि दोन औंस माती

तो आणला ब्रसेल्सजवळ राहणाऱ्या यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट या वैद्य आणि रसायनज्ञाने. त्याचा प्रयोग त्याच्या निधनानंतर, 1648 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आला. भट्टीत कोरडी केलेली 200 पौंड माती त्याने एका मोठ्या कुंडीत भरली आणि 5 पौंड वजनाचे विलोचे रोप त्यात लावले. (विलो म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाच्या जातकुळीतले झाड.) धूळ पडून मातीचे वजन वाढू नये म्हणून कुंडीवर भोके पाडलेला कल्हईचा पत्रा बसवला. पाणी घातले ते पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित. पाच वर्षांनी झाड उपटून तोलले, तर ते 169 पौंड आणि सुमारे 3 औंस भरले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर तिच्यात फक्त दोनेक औंसांची घट होती. चार पानगळींची पाने मोजली नव्हती, हे त्याने स्वतःच प्रामाणिकपणे नोंदवले आहे.

निष्कर्ष त्याच्या मते उघड होता : 164 पौंड लाकूड, साल आणि मुळे निव्वळ पाण्यातून झाली.

आता थोडे थांबा. या प्रयोगात चूक कुठे आहे? तोलण्यात नाही. माती कारण नव्हे, हे त्याने चोख दाखवले आणि अ‍ॅरिस्टॉटलचे ‘जमिनीचे पोट’ त्या दिवशी मोडले. चूक पुढच्या पायरीत आहे : माती नाही, म्हणजे पाणी. कुंडीत झाडाबरोबर तिसरीही एक गोष्ट पाच वर्षे होती, हवा. ती तराजूत बसत नव्हती म्हणून हिशेबातही आली नाही.

याहून नवल म्हणजे ‘गॅस’ हा शब्दच फान हेल्मोंटने घडवला. 62 पौंड कोळसा जाळला की 1 पौंड राख उरते आणि बाकी 61 पौंड एका अदृश्य वायूच्या रूपाने निघून जाते, असे त्याने लिहून ठेवले होते. तो वायू म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड. लाकडाचे कोडे आणि त्याचे उत्तर या माणसाच्या टेबलावर शेजारी शेजारी पडले होते. मग त्याने ते जोडले का नाही? तो गाफील होता असे मला वाटत नाही. सर्व पदार्थ मुळात पाण्याचेच बनतात अशी त्याची धारणा होती आणि तो वायूही त्याच्या दृष्टीने अखेर पाण्याचेच रूप होता. ती धारणा सिद्ध करण्यासाठीच तर कुंडी मांडली होती. पुराव्याने तिला विरोध केला नाही, मग थांबायचे कशासाठी?

आणि ते दोन औंस? ते त्याने किरकोळ म्हणून सोडून दिले. त्यांच्याकडे आपण पुढे परत येणार आहोत.

1699 साली लंडनमध्ये जॉन वुडवर्डने पुदिन्याच्या जातीची रोपे वेगवेगळ्या पाण्यात वाढवून पाहिली : पावसाचे पाणी, थेम्स नदीचे पाणी, हाइड पार्कच्या नळाचे पाणी. पाणी जितके गढूळ तितकी वाढ जास्त. शिवाय मुळांनी ओढलेले बहुतेक पाणी पानांतून हवेत निघून जाते, हेही त्याने मोजले. त्याचा निष्कर्ष : पाणी हे केवळ वाहन आहे, अन्न आहे ती माती. म्हणजे गाडी पुन्हा पहिल्या स्थानकावर आली. दोघांचीही मोजमापे बरोबर होती आणि उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध. स्टीफन हेल्सने 1727 च्या आपल्या पुस्तकात पाने हवेतून काही अन्न घेत असावीत आणि प्रकाशाचाही यात हात असावा, असा तर्क मांडला. पण ‘हवा’ एकच पदार्थ आहे असे मानले जात होते तोवर या तर्काला पुढे जाता येत नव्हते.

मेणबत्ती, उंदीर आणि ऊन

17 ऑगस्ट 1771. जोसेफ प्रिस्टली या इंग्रज धर्मोपदेशकाने मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची एक डहाळी ठेवली. 27 तारखेला त्याच हवेत दुसरी मेणबत्ती व्यवस्थित जळली. उंदराच्या बाबतीतही तेच घडले. ज्या हवेत तो गुदमरला असता, तिच्यात पुदिना वाढल्यावर तो जगला. प्राण्यांनी आणि आगीने बिघडवलेली हवा झाडे दुरुस्त करतात, हा शोध युरोपभर गाजला. घराजवळची झाडे तोडण्याचे वेड यामुळे तरी कमी होईल, अशी आशा बेंजामिन फ्रँकलिनने प्रिस्टलीला कळवली होती.

पुढे मात्र अडचण आली. प्रयोग कधी जमे, कधी फसे. इतरांनी केला तर झाडे हवा बिघडवतात असेच दिसे. खुद्द प्रिस्टलीलाही काही वर्षांनी तो पुन्हा केल्यावर गोंधळात टाकणारे निकाल मिळाले. कारण आज आपल्याला सोपे वाटते. काचेची हंडी खिडकीत आहे की कोपऱ्यात, हे कोणी लिहून ठेवत नव्हते.

ते लिहून ठेवले यान इंगेनहाउस या डच वैद्याने. तो देवीच्या रोगावर टोचणी करण्यात निष्णात होता. 1768 साली त्याने व्हिएन्नात सम्राज्ञी मारिया तेरेसाच्या कुटुंबाला टोचले होते. 1779 च्या उन्हाळ्यात लंडनजवळ एक घर भाड्याने घेऊन त्याने तीन महिन्यांच्या आत पाचशेहून अधिक प्रयोग केले आणि त्याच वर्षी पुस्तकही छापले. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात, सावलीत ते थांबतात. हवा शुद्ध करतात ते फक्त हिरवे भाग. हे काम ऊब करत नाही, उजेड करतो. आणि अंधारात सगळी झाडे, तसेच फुले व फळे, प्राण्यांप्रमाणेच हवा बिघडवतात.

शेवटच्या वाक्याने त्या काळी बरीच भीती पसरली. खोलीत रात्री झाड ठेवणे धोक्याचे आहे ही समजूत तिथूनच बळावली. रोपट्याचे रात्रीचे श्वसन शेजारी झोपलेल्या माणसाच्या मानाने अगदी नगण्य असते, त्यामुळे कुंडीला भिण्याचे कारण नाही. याच्या उलट टोकाचा एक निरोप तुमच्याही मोबाइलवर आला असेल : पिंपळ रात्रीसुद्धा प्राणवायू सोडतो. नाही सोडत. उजेडाशिवाय तो कोणतेच झाड सोडत नाही. 1779 सालचा प्रयोग त्यासाठी पुरेसा आहे.

जिनिव्हाच्या झाँ सेनेबियेने 1782 साली दाखवले की हे बुडबुडे येण्यासाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड असावा लागतो. त्याच शहरातल्या निकोला-तेओदोर द सोस्यूरने 1804 साली सगळ्याचा हिशेब मांडला. झाडाने घेतलेल्या वायूतला कार्बन आणि झाडाचे वाढलेले वजन यांची त्याने तुलना केली. वजन जास्त भरले. हा फरक पाण्याचा होता. म्हणजे पाणी केवळ वाहन नसून तेही झाडाच्या शरीरात बांधले जाते. फान हेल्मोंट पूर्ण चुकला नव्हता तर!

गिनीपिग, बर्फ आणि जावा बेटावरचे रक्त

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू : शक्ती कुठून येते? गंमत अशी की याचे उत्तर झाडांकडून मिळाले नाही. ते प्राण्यांकडून मिळाले.

पॅरिसमध्ये आंत्वान लाव्हाझिए आणि पिएर-सिमाँ लाप्लास यांनी 1782-83 च्या हिवाळ्यात एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते मोजले. तो जितका कार्बन डायऑक्साइड सोडतो तितकाच वायू कोळसा जाळून मिळवला तर किती बर्फ वितळेल, तेही मोजले. आकडे तंतोतंत जुळले नाहीत, पण पुरेसे जवळ आले. निष्कर्ष असा की श्वसन म्हणजे संथ ज्वलन आहे. अन्न हे शरीर बांधण्याचे सामान असते, तसेच ते सरपणही असते. 1794 साली क्रांतीच्या काळात लाव्हाझिएला गिलोटिनवर चढवले गेले. त्याचा गुन्हा रसायनशास्त्राचा नव्हता, तो राजाचा करवसुली ठेकेदार होता.

सरपणाची साखळी सूर्यापर्यंत नेली ती युलिउस रॉबर्ट मायर या जर्मन डॉक्टरने. 1840 साली तो डच जहाजावर वैद्य म्हणून जावाला गेला. त्या काळी आजारी खलाशांची शीर कापून रक्त काढीत. शिरेतले रक्त काळपट असायला हवे, पण त्याला ते चकाकत्या लाल रंगाचे दिसले. चुकून धमनी कापली की काय, असेही त्याला वाटले. मग त्याने विचार केला : उष्ण प्रदेशात शरीर उबदार ठेवायला कमी जाळावे लागते, म्हणून प्राणवायू कमी खर्च होतो आणि रक्त लाल राहते. उष्णता, काम आणि अन्न ही एकाच गोष्टीची रूपे आहेत, या विचारापर्यंत तो इथून पोहोचला. 1845 च्या लेखात त्याने झाडांबद्दल स्पष्ट लिहिले की ती सूर्याचा प्रकाश पकडून रासायनिक शक्तीच्या रूपात साठवतात आणि प्राणी तोच साठा खर्च करतात.

दोन प्रश्न इथे पहिल्यांदा नीट वेगळे झाले. प्रकाश हे झाडाचे अन्न नव्हे, त्याचे वजनच नाही. आणि कार्बन डायऑक्साइड ही झाडाची ऊर्जा नव्हे, तो तर जळून उरलेला पदार्थ आहे. उजेडाच्या जोरावर झाड त्या उरल्यासुरल्यातून पुन्हा सरपण घडवते.

दोन औंसांचा हिशेब

फान हेल्मोंटने सोडून दिलेल्या दोन औंसांवर एकोणिसाव्या शतकात मोठे भांडण झाले. सोस्यूरनंतरही अनेक कृषितज्ज्ञ मानत होते की झाडाचा कार्बन ह्यूमसमधून, म्हणजे कुजलेल्या काळ्या मातीतून येतो. शेणखत घातले की पीक वाढते, हे तर शेतकरी रोज पाहत होता. 1840 साली युस्टुस फोन लीबिगने या मताची खिल्ली उडवली. कार्बन हवेतून येतो आणि मातीतून झाडाला हवी असतात फक्त खनिजे, असे त्याने ठासून सांगितले. हे बरोबर होते. पण नत्राचा पुरेसा पुरवठा पाऊस आणि हवेतला अमोनिया करतात, हे त्याचे म्हणणे चुकले. त्याने बाजारात आणलेले खतही फसले. पावसाने वाहून जाऊ नये म्हणून त्याने ते इतके अविद्राव्य केले की मुळांनाही मिळेना. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी 1843 पासून एकाच शेतात वर्षानुवर्षे गहू पेरून दाखवले की नत्र घातल्याशिवाय गव्हाचे भागत नाही. तो प्रयोग आजही चालू आहे.

मग तूर, हरभरा, घेवडा यांचे नत्रावाचून कसे भागते? 1886 साली हेलरीगेल आणि विल्फार्ट या जर्मन संशोधकांनी उत्तर दिले : द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्रवायू बांधून देतात. ज्वारीत तुरीचे पाटे टाकणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला कारण माहीत नव्हते, पण जमीन टिकते हा अनुभव होता.

या भांडणाचा पुढचा अंक भारतात घडला. आधी पुसा येथे काम केलेल्या अल्बर्ट हॉवर्डने 1924 पासून इंदूरच्या संस्थेत शेतातला काडीकचरा, शेण आणि मूत्रमाती यांपासून खत करण्याची शिस्तबद्ध रीत बसवली. 1931 साली त्याने आणि यशवंत वाड यांनी मिळून तिच्यावर पुस्तक लिहिले. ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती जगभर गेली आणि सेंद्रिय शेतीच्या चळवळीचा एक पाया ठरली. हॉवर्डबरोबर वाड यांचे नाव क्वचितच घेतले जाते. ते घ्यायला हवे.

पोत्यावरच्या नत्र, स्फुरद, पालाश या तीन आकड्यांत माती मावत नाही, असा हॉवर्डचा आक्षेप होता. मातीतले जीव, तिची घडण, मुळांशी जोडलेल्या बुरशा यांच्याकडे त्याने लक्ष वेधले आणि तो भाग टिकला. पण म्हणून लीबिग खोटा ठरला असे नाही. कंपोस्टातला कार्बन गव्हाच्या काडीत जात नाही. तो मातीतल्या जिवाणूंचे अन्न होतो आणि त्यांच्या जगण्यातून गव्हाला खनिजे मिळतात. शेणखत विरुद्ध रासायनिक खत हा वाद तुम्ही ऐकाल, तेव्हा दोन्ही बाजू ‘झाडाचे अन्न’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरत आहेत ते आधी तपासा.

बुडबुडा कोणाचा?

‘प्रकाशसंश्लेषण’ या संज्ञेचे इंग्रजी मूळ रूप 1893 साली चार्ल्स बार्न्स या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने सुचवले. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी हायड्रिला या पाणवनस्पतीचे बुडबुडे आपोआप नोंदवणारे यंत्र बनवले आणि 1924 साली या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पण त्या बुडबुड्यातला प्राणवायू मुळात कोणाचा, हे ठरत नव्हते. तो कार्बन डायऑक्साइड फुटून येतो, असे बहुतेकांना वाटे. 1941 साली कॅलिफोर्नियात रुबेन, केमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजनची खूण असलेले पाणी शेवाळाला दिले. खूण बुडबुड्यात सापडली. प्राणवायू पाण्याचा होता. पुढे केल्व्हिन, बेन्सन आणि त्यांच्या गटाने किरणोत्सारी कार्बनच्या मदतीने हवेतला कार्बन साखरेपर्यंत कोणत्या पायऱ्यांनी जातो तो मार्ग शोधला. त्यासाठी 1961 चे नोबेल पारितोषिक एकट्या केल्व्हिनला मिळाले.

फान हेल्मोंटचा प्रयोग तुम्हाला पुन्हा करायचा असेल तर एका सत्रात जमेल. कुंडीत मका लावा, गळलेली पाने जपून ठेवा, शेवटी रोप वाळवून तोला आणि मग जाळून राख तोला. मातीने काय दिले याचा ढोबळ अंदाज ती राख देईल. पण जाळताना नत्र वायू होऊन उडून जाईल, म्हणजे राखेचे वजन मातीच्या खऱ्या देण्यापेक्षा कमीच भरेल. ही तूट कशी मोजाल, ते प्रयोग मांडण्याआधी ठरवा.